घुं आणि सूं

दिवाळीत लेक पुण्याहून आली ती आजीसाठी एक खोकं घेऊन. आत अ‍ॅम्प्लिफायर. पानाच्या डब्याएवढा, काळा, आणि इतका हलका की आतलं सामान घालायचं राहूनच गेलं की काय, अशी शंका यावी. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना व्हॉल्व्हचा, दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर पावसाळ्यापासून कुरकुरत होता. मधूनच आवाज फाटायचा. त्यात "आत तीनशे व्होल्ट असतात" असं मी एकदा बोलून गेलो आणि तेव्हापासून लेकीने त्याच्याविरुद्ध आघाडीच उघडली. आजी ऐंशीला टेकलेली, ओल्या हाताने बटण दाबायची सवय, काही झालं म्हणजे? शेवटी ते अकरा किलोचं धूड आम्ही दोघांनी उचलून दिवाणाखाली ढकललं. फळीवर त्याची चौकोनी जागा तेवढी स्वच्छ राहिली होती. त्या चौकोनाच्या मधोमध तो नवा डबा बसवला, तेव्हा मोठ्या पाटावर एकच सुपारी ठेवल्यासारखं दिसलं.

संध्याकाळी आई तिच्या खुर्चीत वाती वळत बसली. लेकीने मोबाइलवरून अभंग लावले. आवाज झकास होता, खोटं कशाला बोलू. टाळ वेगळे, पखवाज वेगळा, गाणाऱ्याने श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. पहिला अभंग संपला आणि आईचा हात थांबला. मांडीवर कापसाचा पुंजका, दोन बोटांत अर्धी वळलेली वात.

"बंद पडलं काय रे?"

"नाही आई, पुढचा लागेल आता."

लागला. तो संपल्यावर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती गुडघ्यावर हात टेकत उठली, फळीपाशी गेली, डब्यावरचा निळा दिवा वाकून बघितला आणि "दिवा तर लागलाय की" म्हणत परत येऊन बसली. मी समजूत घातली, की आई, अप्पांचा डबा मधल्या वेळात घुमायचा, हा घुमत नाही, याला स्वतःचा आवाजच नाही. त्यावर स्पीकरच्या शेजारी मांडी घालून, जाळीला कान लावून बसलेली लेक म्हणाली, "आहे की बाबा. सूं येतंय. एकदम बारीक. तुम्हाला नाही येत?"

मी खाली बसून कान लावला. नव्या कापडाचा वास आला. बाहेर कुणाचे तरी फटाके वाजत होते, ते ऐकू आले. सूं काही ऐकू आलं नाही.

"येतंय," मी म्हणालो.

एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलायचं कारण नव्हतं, म्हणूनच ती डोक्यात राहिली. मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. 'लाइनवर खरखर आहे' ही तक्रार आली की रिसीव्हर कानाला लावून, ही ओल धरलेल्या जोडाची, ही शेजारच्या विजेच्या तारेची, ही चक्क ग्राहकाच्या घरातल्या जुन्या वायरची, असं डोळे मिटून सांगणारा माणूस मी. लोक आवाज ऐकतात, मी आवाजामागचा आवाज ऐकून पगार घेतला. आणि आता हातभर अंतरावरची सूं मला येत नाही, हे लेकीसमोर कबूल करवेना.

आईच्या प्रश्नात मात्र नवल काही नव्हतं. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत शांतता म्हणजे बिघाड. मागच्या बोळात यंत्रमाग आहेत. दिवसा त्यांची खटाखट आम्हाला ऐकूच येत नाही, पाहुण्यांना येते. रात्रपाळी चालू असताना आख्खा बोळ गाढ झोपतो. वीज गेली, माग थांबले, की दोन मिनिटांत घराघरांतून खोकल्याचे आवाज येतात, कुणीतरी दार उघडतं, कुणीतरी "गेली काय ओ?" म्हणून विचारतं. वसाहतीत रात्री दहानंतर ४५ डेसिबलच्या वर आवाज नसावा, असा २००० सालचा नियम आहे. तो आमच्या बोळात कुणी वाचून दाखवला, तर बहुधा झोपमोड झाली म्हणून त्यालाच बोलणी बसतील.

व्हॉल्व्हशी माझी ओळख मास्तरांमुळे झाली. नव्या पेठेच्या मागच्या एका बोळात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे फळ्यांचं दार, एक बाक आणि छतापर्यंत रचलेले उघडे रेडिओ. ते घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मल्टिमीटरशी कानडी बोलायचे. अप्पांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीच १९७४ साली बांधून दिला होता. पुढे ईसीसी ८३ नावाचा व्हॉल्व्ह, शेवटी ईएल ८४ ची जोडी, वीज सरळ करायला ईझेड ८१. सगळं मिळून दहा वॅट. शाळा सुटली की मी त्या बाकावर जाऊन बसायचो. दुपारी दुकानात अंधार असायचा आणि अंधारात उघड्या चासीवरचे, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावरचे, व्हॉल्व्ह नारिंगी दिसायचे. बटण दाबल्यावर लगेच काही होत नसे. पंधरा-वीस सेकंद नुसती वाट बघायची. मग तापलेल्या धुळीचा वास, मग खोलवरून घुं, आणि त्याच्यामागून, लांबून चालत आल्यासारखा, निवेदकाचा आवाज. काचेच्या माथ्यावर आतून एक चंदेरी डाग असतो. तो आतली उरलीसुरली हवा खाऊन टाकायला ठेवलेला. तो पांढरा पडला की समजायचं, काचेला चीर गेली, हवा शिरली, वॉल खलास. व्हॉल्व्हला ते वॉलच म्हणायचे. मास्तर असा पांढरा पडलेला वॉल हातात घेऊन, कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा गिऱ्हाइकाला दाखवायचे.

"काय मालक, घुमालंय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कारण त्यांच्या लेखी आवाजाचे रोग दोनच, घुं आणि सूं. घुं बाहेरून येते, घरातल्या विजेतून. सूं आतली, वॉलची स्वतःची. आणि घुंचेही दोन प्रकार. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. व्हॉल्व्हच्या पोटातली तार त्याच विजेवर तापवतात, तेव्हा तिच्यातल्या विजेची झळ शेजारच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला, लागली तर पन्नासची जाड घुं येते. वीज सरळ करून घेताना मात्र हेलकाव्याचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून तिथला हेलकावे सपाट करणारा कंडेन्सर सुकला तर घुं शंभराची, एक सप्तक वरची. मास्तर स्पीकरवर तळहात ठेवून सांगायचे कोणती आहे ते. आमच्याकडे भजनाला येणारे एक बुवा तर म्हणायचे, "तुमचा डबा पांढरी पाचच्या जरासा वर बोलतो." मी पुढे हिशेब करून पाहिला, बुवा बरोबर होते. पांढरी पाचचा खालचा स्वर सेकंदाला ४९ हेलकाव्यांच्या आसपास पडतो. बुवांची पेटी भजनाच्या दिवशी आमच्या घरात थोडी उतरलेलीच वाटायची, दोष विजेचा.

घुं हटवायची मास्तरांची रीतही ठरलेली. आधी पहिला वॉल उपसायचा. घुं गेली तर दोष पुढच्या टोकाला, राहिली तर मागे. मग पेन्सिलीच्या मागच्या रबराने एकेक वॉल हलकेच ठोकायचा. चांगला असेल तर गप्प राहतो, आतली जाळी सैल झाली असेल तर स्पीकरमधून ठण्ण करून उत्तर देतो. हीटरच्या, म्हणजे त्या तापणाऱ्या तारेला वीज नेणाऱ्या, दोन तारा वेणीसारख्या पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्यायच्या. एकीची झळ दुसरीने मारायची. जमिनीची तार एकाच ठिकाणी टेकवायची. एवढं सगळं करूनही जी थोडी उरते तिला मास्तर म्हणायचे, "असू दे की ओ. जित्तं माणूस हाय तवर श्वास घेणारच."

सूंवर मात्र त्यांच्याकडे उपाय नव्हता, आणि कुणाकडेच नाही. विजेचा प्रवाह आपल्याला सलग वाटतो, पण तो दाण्यादाण्याने येतो. तापलेल्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन सुटतात ते रांगेत नाही, जसे सुचेल तसे. हे १९१८ मध्ये वॉल्टर शॉटकी या जर्मन माणसाने हिशेबाने मांडलं. मी पॉलिटेक्निकला हे शिकलो तेव्हा मला आईचं सूप आठवलं. सुपातली ज्वारी पत्र्याच्या डब्यात ओतताना लांबून सलग सर्रर्र येतं, पण जवळ उभं राहिलं की एकेक दाणा वाजतो. तीच ही सूं. पेंटोड या पाच भागांच्या व्हॉल्व्हमध्ये तर ते दाणे दोन डब्यांत वाटले जातात, कुठला दाणा कुठल्या डब्यात पडेल याचा भरवसा नाही, म्हणून त्याची सूं साध्या, तीन भागांच्या ट्रायोडपेक्षा जास्त. पहिल्या टप्प्याला ट्रायोड घालतात ते बहुतेक वेळा यासाठीच. शिवाय कॅथोडचा लेप जसजसा जुना होतो तसतशी खालच्या पट्टीतली एक घरघरही वाढत जाते.

आणि व्हॉल्व्ह काढून टाकला तरी सुटका नाही. साध्या रेझिस्टरलाही, म्हणजे विजेला अडवणाऱ्या तुकड्यालाही, आवाज असतो, केवळ तो तापलेला असतो म्हणून. १९२८ साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सनने तो मोजून दाखवला आणि नायक्विस्टने त्याचं गणित दिलं. हजार ओहमचा रेझिस्टर नुसता टेबलावर पडलेला असला तरी कानाला ऐकू येतील एवढ्या पट्ट्यात त्याच्या टोकांवर अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या किंचित वर आवाज असतो. जितकं गरम तितका जास्त. तर मग आमच्या मे महिन्यात काय होत असेल, हा प्रश्न वर्गात मीच विचारला होता आणि सगळे हसले होते. हिशेब असा, की जानेवारीच्या वीस अंशांवरून मेच्या त्रेचाळीसवर गेलं तरी फरक पडतो एक तृतीयांश डेसिबलचा. गणिताला शून्यही पार उण्या २७३ वरून धरावं लागतं ना, तिथून बघितलं तर सोलापूरचा उन्हाळा आणि हिवाळा शेजारी शेजारीच आहेत. त्या एका गणिताने मला जो दिलासा दिला तो कुठल्याही कूलरने दिलेला नाही.

तर पॉलिटेक्निक. १९८७ साली, शेवटच्या वर्षाला, मी पहिला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. टीबीए ८१० ही आयसी, म्हणजे एका चिपमध्ये मावलेला आख्खा संच, तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात असायची. तिच्या दोन पंखांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकली की सात वॅटपर्यंत जायची. पुढे बीसी १४८ या ट्रान्झिस्टरचा एक टप्पा जोडला. डबा साबणाचा. घुं जवळजवळ नाही, कारण तापवायला तारच नाही. सूं मात्र भरपूर, कारण मी पुढच्या टप्प्यात हाताला लागले ते रेझिस्टर घातले होते. ट्रान्झिस्टर म्हणजे शांत, व्हॉल्व्ह म्हणजे गोंगाट, हे समीकरण तेव्हा तरी सरसकट खरं नव्हतं. सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तर इतके फुसफुसायचे, की चांगला बांधलेला व्हॉल्व्हचा संच त्यांच्यापुढे मौनी बाबा वाटावा. १९७४ मध्ये मास्तरांकडून व्हॉल्व्ह घेणारे अप्पा काही मागासलेले नव्हते. आजची गोष्ट वेगळी. आज मोजायलाच बसलं तर नवा सिलिकॉनचा डबा जुन्याला शंभरपटींनी हरवतो, आणि लाखभर रुपयांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घेऊन 'ऊब, ऊब' करणाऱ्यांनी निदान ऊब म्हणजे काय हे तरी सांगावं. बऱ्याचदा ती ऊब म्हणजे थोडी घुं आणि आवाजाची थोडी गोड विकृतीच निघते. पण हे माझं टेलिफोन खात्याचं मत, गाणं ऐकणाऱ्याचं नाही.

साबणाचा डबा मी अप्पांच्या पुढे ठेवला, तार जोडली, बटण दाबलं आणि मुद्दाम काही न लावता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. माझ्या कानात सूं घुमत होती आणि मी जरा ओशाळलोही होतो, की आता अप्पा म्हणणार, हे काय फुसफुसतंय.

अप्पांनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "चालू कर की."

"चालूच आहे."

"कुठं आहे? मुकं आहे हे."

मला ते फार लागलं. सहा महिन्यांची मेहनत, आणि बाप म्हणतो मुकं आहे. मी डबा उचलला आणि कॉलेजात नेऊन दिला. चांगले गुण मिळाले. घरी परत आणला नाही.

अप्पा मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते, अठ्ठावीस वर्षं. साचेखात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या चांगलाच वर, शंभराकडे झुकलेला. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. ओठ बघायचे आणि हातांनी खुणा करायच्या. ती सवय घरीही आली. जेवताना ते आमच्या ताटाकडे नाही, तोंडाकडे बघायचे. आम्ही पोरं समजायचो की बापाचं आपल्यावर फार लक्ष आहे. मी तोंडात घास असताना बोललो की चिडायचे, ते वळण लावायला असं आई सांगायची. मोठ्याने बोललं तरी चिडायचे, "ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला." आणि ऐकू यायचंच, फक्त अर्धं. एकदा परीक्षेची फी म्हणून साठ रुपये मागितले, त्यांनी खिशातून मोजून आठ रुपये दिले. मी म्हणालो साठ. ते म्हणाले, अरे आठच आहेत, मोज. असं तीनदा झालं. शेवटी मी पाटीवर लिहून दाखवलं, तेव्हा ते इतके शरमले की ऐंशी दिले.

तरी गाणं मात्र त्यांना हवंच. रविवारी दुपारी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं जेवण झालं की अप्पा डबा लावणार, खुर्ची ओढून स्पीकरला गुडघा टेकवून बसणार, आणि आई म्हणणार, "हळू करा की जरा." गाणं संपून पुढचं लागेपर्यंतच्या जागेत ते डोळे मिटून तसेच बसलेले असायचे. मी पोरवयात म्हणायचो, संगीतात बुडालेत.

१९९६ च्या सुमाराला, नोकरीत रुळल्यावर, मला त्या घुंचा राग यायला लागला. दिवसभर लाइनीवरच्या खरखरी मारायच्या आणि घरी आलं की बापाचा डबा घुमतोय. एका सुट्टीत मी तो उघडला. सुकलेला कंडेन्सर बदलला, म्हणजे शंभराची घुं गेली. हीटरच्या दोन तारांमध्ये शंभर ओहमचं एक छोटं पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, बसवलं, त्याचा मधला पाय चासीला. ते स्क्रू ड्रायव्हरने इकडून तिकडे फिरवायचं आणि दोन्ही तारांची झळ एकमेकींना कापून टाकील तो मधला बिंदू शोधायचा. सापडला. घुं अशी गेली की मीच दोनदा वाकून फिलामेंट पेटलंय ना ते बघितलं. अप्पांना म्हणालो, आता ऐका. त्यांनी गाणं ऐकलं, मान डोलावली, काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा रात्रभर चालूच राहिल्याचं लक्षात आलं. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नव्हता. "मला वाटलं बंद आहे," अप्पा म्हणाले. आठवड्याने पुन्हा तेच. मग एकदा उलटं, बंद डब्यापुढे वीस मिनिटं गाणं लागायची वाट बघत बसले. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "अप्पा, दिवा बघायचा ना." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काही महिन्यांनी डबा परत घुमायला लागला. मी समजलो, माझी दुरुस्ती टिकली नाही. आमच्या गल्लीत व्होल्टेजही असं की काही टिकेल तर नवल. परत उघडायचा कंटाळा केला, आणि तेव्हापासून तो घुमतच राहिला. अप्पा २०११ मध्ये गेले, त्यानंतरही आई रोज संध्याकाळी लावायची आणि तो घुमायचा.

डिसेंबरात, लेकीला न सांगता, कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. मी न ऐकू आलेल्यावरही एकदोनदा दाबलं असावं, कारण बाहेर बसलेली मुलगी हसून म्हणाली, "काका, परीक्षा नाहीये ही." मग तिने आलेख दाखवला. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. माझी रेघ निम्म्यापर्यंत सपाट आणि मग तलावाच्या पायऱ्या उतराव्यात तशी खाली. वयाचं आहे, म्हणाली. मी उगाच बढाई मारल्यासारखं सांगितलं, की माझे वडील मिलमध्ये होते, त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, शेवटपर्यंत गाणी ऐकायचे. ती म्हणाली, मागावर काम केलेले पुष्कळ येतात इथे, आणि माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनने एक रेघ काढली. सपाट, सपाट, मग ४००० हर्ट्झपाशी विहिरीसारखा खड्डा. "खालचं सगळं शाबूत राहतं. गाडी, मशीन, ढोल. जातात ती स, श, फ असली अक्षरं. मग माणसं म्हणतात, ऐकू येतं पण कळत नाही."

साठ. आठ.

रिक्षा न करता मी सात रस्त्यावरून घरापर्यंत चालत आलो. साबणाच्या डब्याची सूं होती ती नेमकी त्या खड्ड्यात पडत होती. अप्पांच्या लेखी तो डबा खरोखरच मुका होता. मीटरला दोन्ही आवाज सारखे, पण धडधाकट कानाला सूं आधी कळते आणि पन्नासची घुं चांगली मोठी असल्याशिवाय कळतही नाही. कान जन्मापासूनच वरच्या अंगाला तिखट असतो. अप्पांचं मिलने उलटं करून ठेवलं होतं. त्यांना सूं नाही, घुंच तेवढी.

त्या रात्री आई झोपल्यावर दिवाणाखालचं धूड बाहेर ओढलं. दुरुस्तीचा विचार नव्हता, मोजायचं होतं. स्पीकरच्या टोकांना मीटर लावला. नव्या डब्याचा आवाज दोन दशांश मिलिव्होल्ट भरला होता, जुन्याचा तीस. दीडशेपट. पुढे, जरा गंमत म्हणून, मोबाइलवरचं सूर दाखवणारं अ‍ॅप उघडून स्पीकरसमोर धरलं. पडद्यावर पन्नासला उंच सुळका, दीडशेला बुटका, आणि शंभरला जवळजवळ काहीच नाही. मी बघतच राहिलो. शंभरला काही नाही म्हणजे माझा १९९६ चा कंडेन्सर अजून ठणठणीत होता. घुं पन्नासची होती, हीटरची. म्हणजे पॉट.

प्लग काढला, कंडेन्सर रिकामे होऊ दिले, खालची पाटी उघडली. टॉर्चच्या उजेडात माझंच जुनं सोल्डरिंग दिसलं, गोळे गोळे, नवशिक्याचं. त्यात ते पॉट, तपकिरी, बोराएवढं. मी ते मधोमध ठेवलं होतं, मला पक्कं आठवतं. ते पार एका टोकाला फिरवलेलं होतं. आणि पुन्हा हलू नये म्हणून त्यावर लाल लाखेचा एक ठिपका टाकलेला. तो ठिपका मी ओळखतो. त्या बाकावर बसून शेकडो वेळा पाहिलाय. गिऱ्हाइकाचा रेडिओ परत द्यायच्या आधी मास्तर काडीच्या टोकाने तसा ठिपका द्यायचे.

म्हणजे अप्पा ते अकरा किलो उचलून नव्या पेठेत गेले होते. रिक्षाने गेले असतील, मी ड्यूटीवर असताना. आणि काय म्हणाले असतील मास्तरांना? पोराने दुरुस्त केलंय ते बिघडवून द्या? मास्तरांनी हसून "काय मालक, घुमंना का?" असं विचारलं असेल का? मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. आईला विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं, पण रात्रीचा एक वाजला होता, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं धाडस झालं नाही.

आवाज फाटायचा तो एका गळक्या कंडेन्सरमुळे, तेवढा बदलला. धूळ ब्रशने काढली, व्हॉल्व्हचे काळवंडलेले पाय पुसले. लाल ठिपक्याला हात लावला नाही. लेकीच्या समाधानासाठी तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग नीट करून घेतलं, फोनवर तिला फोटो पाठवले. नवा डबा माझ्या खोलीत आणला. चांगला आहे तो, मी पुस्तक वाचताना लावतो.

संध्याकाळी आई वाती घेऊन बसली. बटण दाबलं. धुळीचा वास या वेळी कमी आला. पंधरा-वीस सेकंद गेले. मग घुं आली आणि मागून अभंग. पहिला संपला, मी तिच्या हाताकडे बघत होतो. वात वळतच राहिली. दुसरा संपला. आईने मान न वळवता म्हटलं,

"परत घुमालंय की हे."

"हो. करतो दुरुस्त."

"उद्या कर," ती म्हणाली, आणि वाटीत वात टाकली.

या गोष्टीला दोन महिने झाले. मधल्या काळात मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने उद्याच सांगितलंय. स्क्रू ड्रायव्हर मी त्या डब्यावरच ठेवलाय, वाटेत येतो म्हणून पुसताना ती तो उचलते आणि फडकं फिरवून परत तिथेच ठेवते.